टेप गुंडाळा, सर

मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा माझी उंची पाच फूट अकरा इंच होती. शाळेत सरांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली, टेप सोडला आणि मागं वळून ओरडले, "सेंटर मिळाला!" तोपर्यंत मी बास्केटबॉल हातातसुद्धा धरला नव्हता.

रांगेत माझ्या मागं माझा मित्र उभा होता. पाच फूट पाच इंच. तो दोन वर्षं रोज संध्याकाळी खेळत होता. सरांनी त्याच्याकडं एकदा बघितलं, टेप सोडायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणाले, "तू राखीवमध्ये बस." त्या वर्षी मी जर्सी घालून खेळलो आणि तो बाकड्यावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला.

त्या टेपनं मला निवडलं, आणि टेप चुकला होता. चुकीचा फायदा ज्याला झाला त्यानंच हे सांगितलेलं बरं, कारण बुटक्या माणसानं सांगितलं तर लोक म्हणतात, जळतोय.

आम्ही कुरकुंभचे. पुण्याहून सोलापूरला जाताना बसच्या खिडकीतून नाकात केमिकलचा वास शिरला की समजायचं, आलं. आमचं गाव लोकांना माहीत असतं ते फिरंगाईच्या यात्रेमुळं, नाहीतर एमआयडीसीमुळं. २०२४ च्या फेब्रुवारीत इथल्या एका कारखान्यात मेफेड्रोन सापडलं, तेव्हा काही दिवस सगळ्या देशाला माहीत झालं. बास्केटबॉलसाठी कुणी ओळखत नाही. पण इथं सिमेंटचा एक कोबा आहे, त्याला एकच बोर्ड आहे, आणि पहिली शिफ्ट सुटली की मी तिथं पोरापोरींना खेळवतो. पैसे कुणी देत नाही, मी मागतही नाही.

गेल्या महिन्यात निवड चाचणीला आमच्यातल्या काही जणांना घेऊन गेलो होतो. तिथं भिंत होती, लाकडी पट्टी होती, टेप होता. पंधरा वर्षांत फक्त टेपचा रंग बदललाय. आमची नववीतली एक पोरगी, पाच फूट एक इंच, तिला चेंडू हातात न देताच बाजूला काढलं. परत येताना दौंडच्या कुरकुंभ मोरीपाशी ट्रॅफिक तुंबलं होतं. आम्ही टमटममध्ये अडकलो होतो. तिनं हळूच विचारलं, "दादा, उंची वाढवायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात का?"

म्हणून हे लिहितोय.

हात वर, चेंडू खाली

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी शॉट मारतो, तो हुकतो, चेंडू रिंगला किंवा बोर्डाला लागून उडतो. तो जो घेतो त्याचा रिबाउंड. हे काम मुख्यतः सेंटरचं, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सगळ्यात थोराड खेळाडूचं. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. त्यामुळं गणित सोपं वाटतं: ज्याचा हात वर पोचतो, चेंडू त्याचा.

सरांनी मला एवढंच शिकवलं होतं. रिंगखाली उभा राहा, हात वर कर. तालुक्याच्या पहिल्या सामन्यात मी तसाच उभा राहिलो, बांधावरच्या कडुलिंबासारखा. चेंडू रिंगला लागायचा, माझ्या डोक्यावरून पलीकडं जायचा आणि माझ्यापेक्षा वीतभर बुटका पोरगा तो घेऊन पळायचा. अख्ख्या सामन्यात मला चार रिबाउंड मिळाले. त्यातला एक माझ्या डोक्यावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी मित्रानं मला कोब्यावर नेलं. दुसऱ्या एकाला शॉट मारायला सांगितलं. शॉट सुटला तसा त्यानं माझ्याकडं पाठ केली, गुडघे वाकवले, कंबर खाली नेली आणि ढुंगण माझ्या मांड्यांवर टेकवून रेटा दिला. दोन्ही कोपरं बाजूला पसरलेली. मला पुढं जाता येईना, बाजूनंही जाता येईना. माझे हात वर होते. चेंडू रिंगवरून उडाला, आमच्या पुढ्यात पडला, दोन टप्पे खाल्ले. मग त्यानं तो सावकाश उचलला.

"तुझे हात वर हायेत रे," तो म्हणाला, "पण बॉल खाली पडला."

याला बॉक्स आउट म्हणतात. नंतर मी खूप वाचलं, मोबाइलवर शेकडो सामने पाहिले, पण त्या वाक्याच्या पुढं फारसा गेलो नाही. हुकलेला चेंडू शेवटी खालीच येतो. जिथं येणार तिथली जमीन आधी ज्याच्या ताब्यात, त्याचा तो चेंडू.

२३१ सेंटिमीटरचा माणूस

गावातल्या कोब्यावरचा दाखला कुणी ऐकत नाही, म्हणून जगातला देतो.

मनुट बोल हा सुदानचा खेळाडू एनबीएमध्ये खेळला. उंची ७ फूट ७ इंच, म्हणजे २३१ सेंटिमीटर. त्याचे कारकिर्दीतले रिबाउंड सामन्यामागं ४.२. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंच, म्हणजे २०१ सेंटिमीटर. त्याचे सामन्यामागं १३.१. बोल कमी मिनिटं खेळायचा हे खरं, पण मिनिटं सारखी धरली तरी रॉडमन पावणेदोन पटीच्या पुढं जातो. तीस सेंटिमीटरनं, म्हणजे शाळेच्या अख्ख्या पट्टीनं बुटका असून. १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम एनबीएमध्ये सामन्यामागं सगळ्यात जास्त रिबाउंड त्याचे होते.

तुम्ही म्हणाल, रॉडमन कागदावर फॉरवर्ड होता, सेंटर नव्हे. बरं, सेंटरच घेऊ. वेस अनसेल्डची उंचीही तेवढीच, ६ फूट ७ इंच. १९६८-६९ च्या पहिल्याच हंगामात त्यानं सामन्यामागं १८.२ रिबाउंड घेतले आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब एकाच वर्षी मिळवले. बेन वॉलेसला १९९६ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघानं निवडलं नव्हतं. तो पुढं दोन हंगाम रिबाउंडमध्ये पहिला आला. २००४ च्या अंतिम मालिकेत त्याच्यासमोर ७ फूट १ इंचाचा शकील ओनील होता, आणि डेट्रॉइटनं ती मालिका ४-१ अशी जिंकली.

आणि ज्याला उडताच येत नाही असं सगळे चेष्टेनं म्हणतात तो निकोला योकिच? तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४-२५ च्या हंगामात सामन्यामागं १२.७ रिबाउंड. त्याचा सामना बघताना चेंडूकडं बघू नका, त्याच्या पायांकडं बघा. बाकीचे उडी मारायच्या तयारीत असतात तेव्हा हा गडी दोन पावलं सरकलेला असतो.

भरतीचं गणित

यावर नेहमीचं उत्तर येतं: हे अपवाद आहेत, आणि शेवटी हे सगळेसुद्धा साडेसहा फुटांच्या वरचेच आहेत ना?

आहेत. उंची लागते, हे मी नाकारत नाही. उंचीचा उपयोग कुठपर्यंत, एवढाच माझा मुद्दा आहे. आणि तो दौंड तालुक्यातल्या कुठल्याही पोराला एका मिनिटात समजावा.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. त्यामुळं आमच्याकडं भरती हा विषय पाळण्यातच कळतो. पोलीस शिपाई व्हायला मुलाची उंची १६५ सेंटिमीटर लागते, मुलीची १५५, राखीव दलासाठी मुलाची १६८. त्याच्या खाली असाल तर घरी जा. पण एकदा ती रेघ ओलांडली की तुम्ही १६६ आहात की १९०, याला एकही गुण नाही. शिपायाच्या मैदानी चाचणीचे ५० गुण असतात ते धावण्याला आणि गोळाफेकीला. १९० सेंटिमीटरचा पोरगा १६०० मीटरला धापा टाकत मागं राहिला तर त्याला कुणी म्हणत नाही की चल, तू उंच आहेस, घे पाच गुण.

उंची ही पात्रता आहे. तिला गुण नाहीत. भरतीच्या मैदानावर हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. बास्केटबॉलच्या मैदानावर आलो की आपण विसरतो आणि पात्रतेलाच पैकीच्या पैकी गुण देऊन टाकतो.

त्यातही गंमत अशी की आपण पात्रतासुद्धा चुकीच्या वयात मोजतो. रॉडमन शाळेत होता तेव्हा किरकोळ अंगाचा होता, शाळेच्या संघात त्याला कुणी विचारत नव्हतं. शाळा संपल्यावर तो डॅलसच्या विमानतळावर रात्रपाळीत झाडू मारायचा. त्या काळात तो एकाएकी वाढला. आमच्या सरांनी चौदाव्या वर्षी त्याला भिंतीला उभं केलं असतं तर तोही पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला असता. उलट मी चौदाव्या वर्षी पाच फूट अकरा होतो आणि आज सहा फूट आहे. माझी सगळी वाढ शाळेतच खर्च झाली होती. सरांना वाटलं, हा अजून वाढेल.

मग फरक कशानं पडतो?

इथं बहुतेक प्रशिक्षक दुसरं उत्तर काढतात: "जिगर पाहिजे." "भूक पाहिजे." "रिबाउंड मनातनं येतो."

हे उत्तर मला टेपपेक्षाही धोकादायक वाटतं. टेप निदान काहीतरी मोजतो. जिगर म्हटलं की शिकवायची जबाबदारीच संपते. पोरानं रिबाउंड घेतला तर जिगर होती, नाही घेतला तर नव्हती. सर मोकळे.

२०१३-१४ च्या हंगामापासून एनबीएच्या सगळ्या मैदानांच्या छतांवर कॅमेरे बसले. दहा खेळाडू आणि चेंडू कुठं आहेत हे ते सेकंदाला २५ वेळा टिपायचे. त्या नोंदी घेऊन राजीव महेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बॉस्टनच्या एमआयटी स्लोन परिषदेत एक निबंध मांडला. त्यांनी रिबाउंडचे तीन तुकडे केले. मला तो निबंध वाचताना कोब्यावरची ती संध्याकाळ आठवत होती, कारण मित्रानं मला तेच तीन तुकडे शिकवले होते, फक्त आलेख न काढता.

पहिला तुकडा जागेचा. शॉट हातातून सुटतो त्या क्षणी तुम्ही कुठं आहात? बोलसारखा सेंटर बऱ्याचदा इथंच हरतो. तो शॉट अडवायला पुढं जातो, हवेत असतो, आणि चेंडू रिंगला लागतो तेव्हा त्याच्या पाठीमागची जागा रिकामी असते. शिवाय अंगानं सडपातळ, त्यामुळं रेटा सोसवत नाही. ब्लॉक करणारा सेंटर आणि रिबाउंड घेणारा सेंटर ही दोन वेगळी कामं आहेत. एकच माणूस दोन्ही करेल असं आपण गृहीत धरतो. आता तर सेंटरला तीन गुणांच्या रेषेपर्यंत बाहेर यावं लागतं. रिंगपासून पावणेसात मीटरवर उभा असलेला माणूस कितीही उंच असो, रिंगखालचा चेंडू त्याला कसा मिळणार?

दुसरा तुकडा हालचालीचा. शॉट सुटल्यापासून रिंगला लागेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. एवढ्या वेळात तुम्ही तुमची जागा सुधारली की बिघडवली? इथं चेंडू वाचावा लागतो. कोपऱ्यातून मारलेला शॉट हुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो. लांबून मारलेला लांब उडतो. सपाट मारलेला जोरात परततो. 'द लास्ट डान्स' या मालिकेत रॉडमन सांगतो की तो रात्री-अपरात्री मित्रांना मैदानावर नेऊन वेगवेगळ्या जागांवरून शॉट मारायला लावायचा आणि चेंडू कुठं उडतो ते बघत बसायचा. कुणाचा चेंडू किती फिरतो, फिरून रिंगला लागला की कुठल्या बाजूला जातो, हे त्यानं पाठ केलं होतं. लोकांना त्याचे रंगवलेले केस आठवतात. मला त्याचा हा गृहपाठ आठवतो. याला जिगर म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग दहावीला पाढे पाठ करणाऱ्या पोराचीही जिगरच म्हणा.

तिसरा तुकडा चेंडू पदरात पाडायचा. जागा मिळाली, वेळेवर पोचलात, आता दोन्ही हातांनी घट्ट धरता का? पहिल्या उडीत हातातून निसटला तर दुसरी उडी किती लवकर? मोझेस मलोन ६ फूट १० इंचांचा, म्हणजे सेंटरच्या मानानं मध्यम. १९७८-७९ च्या हंगामात त्यानं आपल्याच संघाच्या हुकलेल्या शॉटवर ५८७ रिबाउंड घेतले. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याची पद्धत कुणी मासिकात छापावी अशी देखणी नव्हती. तो बेसलाइनच्या बाजूनं, बोर्डाच्या मागच्या अंगानं आत शिरायचा, पार्श्वभागानं समोरच्याला इंच इंच बाहेर ढकलायचा, आणि चेंडू मिळेपर्यंत उडत राहायचा. दोनदा, तीनदा, चारदा.

या तिन्ही तुकड्यांत उंची कुठं आहे? तिसऱ्यात थोडी, पहिल्यात अगदी थोडी. दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. आणि तिन्ही तुकडे शिकवता येतात. माझी चिडचिड यासाठीच आहे. शिकवता येणारी गोष्ट आपण जन्मजात ठरवून मोकळे झालोय.

ज्याची नोंद होत नाही

आता एक गोष्ट सांगतो ती मला कंपनीत शिफ्ट करताना कळली, मैदानावर नव्हे.

ब्रूक लोपेझ हा सात फुटांचा सेंटर. बरीच वर्षं त्याची टिंगल झाली, की एवढा धिप्पाड माणूस आणि रिबाउंड किती घेतो बघा. २०१८-१९ मध्ये तो मिलवॉकीकडं आला. त्या हंगामात त्याचे रिबाउंड सामन्यामागं ४.९, म्हणजे एखाद्या चपळ गार्डएवढे. आणि त्याच हंगामात सामन्यामागं सगळ्यात जास्त रिबाउंड घेणारा संघ कुठला? मिलवॉकी. लोपेझ समोरच्या थोराड खेळाडूला अडवून धरायचा, मोकळा चेंडू यानिस अँटेटोकूम्पो घ्यायचा. रिबाउंड यानिसच्या नावावर, लोपेझच्या नावावर टिंगल.

स्टीव्हन ॲडम्सचंही तेच. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकनं सामन्यामागं १०.७ रिबाउंड घेतले. गार्डच्या मानानं हा आकडा अचाट आहे, आणि त्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. त्याच संघाचा सेंटर ॲडम्स, त्याचे ७.७. पण त्या सामन्यांचे व्हिडिओ काढून बघा. वेस्टब्रुक जेव्हा एकटाच निवांत चेंडू घेताना दिसतो, तेव्हा दोन पावलं मागं ॲडम्स कुणाच्या तरी छातीला पाठ लावून उभा असतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर माझा विश्वास नाही, तो कुणाचाही असो. विल्ट चेंबरलेननं २४ नोव्हेंबर १९६० ला एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. तो विक्रम कधी मोडेल असं वाटत नाही. पण त्या काळी संघ आजच्यापेक्षा कितीतरी जास्त शॉट मारायचे आणि त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे. हुकलेल्या चेंडूंचा पाऊस पडत होता. आणि हो, तो सामना चेंबरलेनचा संघ हरला. समोर बिल रसेल होता.

मी ठेकेदाराकडं आहे. माझ्या शिफ्टला जे तयार होतं त्याच्या पिंपावर कंपनीचं नाव असतं. बरोबरच आहे. पण पिंप धुणारे, झाकण लावणारे, रात्री तीनला व्हॉल्व्हपाशी बसणारे आम्ही कुठल्याच कागदावर नसतो. आमचं हजेरीपुस्तकसुद्धा वेगळं. बॉक्स आउट करणाऱ्या सेंटरचं असंच आहे. त्यानं जागा धरली म्हणून दुसऱ्याचा आकडा फुगला, आणि गुणपत्रकात त्याच्यासाठी रकानाच नाही. एनबीएनं आता बॉक्स आउट मोजायला सुरुवात केली, म्हणजे तिथं निदान रकाना आला. आपल्या शालेय स्पर्धांच्या गुणपत्रकात रिबाउंडचाच पत्ता नसतो, बॉक्स आउट तर लांबच. मग निवड कशावर करणार? टास्क कठीण, टेप सोपा.

नागपाड्यात उंच लोक राहतात का?

एक शेवटचा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. की मराठी माणूस मुळातच मध्यम उंचीचा, हा खेळ पंजाबचा, आपण कबड्डी खेळावी. सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. ७ फूट २ इंच. आमच्या ग्रुपवर तेव्हा हीच चर्चा, बघा, उंची असली की पोचतो. तो खूप कष्टानं तिथवर गेला, पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उंचीनं दार उघडलं. आत राहायला काय लागतं, ते इथं कुणी शिकवलेलं असतं तर कदाचित चित्र वेगळं असतं.

आता मुंबईतल्या नागपाड्याकडं बघा. दाटीवाटीची वस्ती, अरुंद गल्ल्या. तिथं काही उंच लोकांची वेगळी जमात राहत नाही. पण तिथं कोर्ट होतं आणि बच्चू खान नावाचे प्रशिक्षक होते. त्या वस्तीतून भारतासाठी खेळणारे कितीतरी खेळाडू आले. अब्बास मुंतसिर त्यातलेच, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते, भारताचे कर्णधार. एका वस्तीत खेळाडू पिकतात आणि शेजारच्या वस्तीत पिकत नाहीत, याचं उत्तर उंचीत सापडत नाही. ते कोर्टात आणि शिकवणाऱ्यात सापडतं.

काय करायचं ते

ती पोरगी कोब्यावर पहिल्यांदा आली तेव्हा मीसुद्धा तिला म्हटलं होतं, "तू लहान आहेस, तू गार्ड खेळ." मीही टेपच लावला होता, फक्त डोळ्यानं. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की कुणीही शॉट मारला तरी चेंडू हिच्याकडंच जातोय. मग मी नीट बघितलं. चेंडू हिच्याकडं जात नव्हता. शॉट मारणाऱ्याच्या मनगटाकडं बघून हीच आधी तिकडं जात होती. तिच्यापेक्षा डोकंभर उंच मुली मागं अडकून "सर, ही ढकलतेय" म्हणून तक्रार करायच्या. ती ढकलत नव्हती. आधी पोचत होती.

तिला चाचणीत घेतलं नाही म्हणून आभाळ कोसळलं नाही, मान्य. पण शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं चढत गेलं तर खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. आमच्यासारख्या घरांत हा जिना आहे. त्याच्या पहिल्या पायरीवर टेप घेऊन माणूस उभा असेल तर वरच्या पायऱ्यांचं कौतुक कुणाला? आणि ज्या गावाच्या शिवारात औषधांचे कारखाने उभे आहेत तिथली चौदा वर्षांची पोरगी उंचीच्या गोळ्या विचारते. तिला मी सांगितलं, असल्या गोळ्या-पावडरी म्हणजे लुबाडणूक आहे, पैसे घालवू नको. तिनं मान डोलावली. पटलं असं वाटलं नाही. भिंतीपाशी जे झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, माझं नुसतं बोलणं होतं.

म्हणून निवड करणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना तीन गोष्टी सांगतो. एक, आधी खेळवा, मग मोजा. दहा शॉट हुकवा आणि चेंडू हातातून सुटल्यावर कोण आधी हलतं ते बघा. चेंडू कुणी घेतला हे नंतर. दोन, एका राखीव खेळाडूच्या हातात वही द्या. कुणी किती वेळा समोरच्याला अडवलं याच्या काड्या मारू द्या. राखीव पोरगा बाटल्या सांभाळण्यापेक्षा खेळ शिकेल. तीन, ले-अप शिकवण्याआधी बॉक्स आउट शिकवा, मुलींनासुद्धा. "मुलींनी असं अंगानं रेटायचं नसतं" हे वाक्य मी मैदानावर ऐकलंय, ते तिथंच गाडून टाका.

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. म्हणून तर राग येतो.

माझा मित्र आता चाकणला असतो. बास्केटबॉल सुटला. मागच्या दिवाळीत आला होता, कोब्यावर दोघं खेळलो. मी अजूनही त्याच्यापेक्षा अर्ध्या फुटानं उंच आहे. त्यानं पाठ टेकवली आणि चेंडू दोन टप्पे खाऊन त्याच्या हातात गेला.

टेप मी घेतलाय, खोटं कशाला बोलू. पाच मीटरचा, दौंडच्या हार्डवेअरच्या दुकानातून. मागच्या रविवारी पोरांनी त्यानं रिंग मोजली. चार बोटं खाली निघाली. ती वर सरकवली, मग फक्कीनं फ्री थ्रोची रेषा नव्यानं आखली. टेपचं काम तेवढंच. झाल्यावर त्या पोरीनं तो गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला.